हाताने ओढलेला कोक

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत पहिले नाव अंगारकर्माचे आहे. अग्नीच्या आरंभाने होणारी जीवहिंसा हा त्यामागील विचार. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कॉनेल्सव्हिल परिसराचा इतिहास पाहिला, की त्या अग्नीची झळ माणसालाही किती जवळून लागत होती हे ध्यानी येते.

दगडी कोळसा बेताच्या हवेत भाजला की त्यातील वायू व डांबर निघून जातात आणि उरतो तो कोक. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने १७०९ साली कोलब्रुकडेल येथे कोक वापरून लोखंड गाळले. पुढे कॉनेल्सव्हिलचा कोळसा या कामी उत्कृष्ट ठरला. तेथे विटांच्या घुमटाकार भट्ट्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. ऐन भरात त्यांची संख्या ३०,०००च्या वर गेली. हेन्री क्ले फ्रिक हा आजोबांच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील तरुण हिशेबनीस. पिट्सबर्गचे सावकार न्यायाधीश थॉमस मेलन यांनी १८७१ साली त्याला ५० भट्ट्यांसाठी १०,००० डॉलर कर्ज दिले. १८७३ च्या मंदीत इतर विकत होते, तेव्हा फ्रिक विकत घेत होता.

भट्टी स्वस्त होती, कारण तिचे बहुतेक काम माणसाच्या हातांनी होई. वरच्या भोकातून कोळसा ओतायचा, लांब दांड्याच्या फावड्याने तो सारखा करायचा, दार विटांनी बंद करून चिखलाने लिंपायचे. सुमारे ४८ तासांनी, रविवार मध्ये आल्यास ७२ तासांनी, दार फोडून आत पाणी मारायचे. मग खरी परीक्षा. तप्त दारासमोर उभे राहून लांब लोखंडी आकड्याने कोक ओढून काढायचा, काट्याने हातगाडीत भरायचा आणि रेल्वेच्या डब्यात टाकायचा. मजुरी भट्टीमागे मिळे. पूर्व युरोपातून आलेल्या असंख्य कुटुंबांचा संसार त्यावर चाले. १८९१ मध्ये मोरवूड येथे संपावरील कामगारांवर गोळीबार झाला आणि अनेकांचे प्राण गेले.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी या ओढकामासाठी कव्हिंग्टन यंत्र आले. भट्ट्यांसमोरील रुळांवर ते विजेने चाले. पाचरीसारखे टोक कोकखाली घुसवून माल बाहेर ओढी आणि पट्ट्यावरून डब्यात टाकी. परंतु जुन्या भट्ट्यांची दारे त्यासाठी लहान पडत. जेथे मजूर सहज मिळत होता, तेथे मालकाला दार मोठे करण्याचा खर्च परवडत नसे. यंत्राच्या आड विज्ञान आले नाही, स्वस्त मजुरी आली.

खरा बदल दुसरीकडून आला. घुमटाच्या तोंडातून वायू, डांबर आणि अमोनिया रात्रंदिवस जळून जात होते. खर्चाच्या वहीत ही तूट कधी मांडली गेली नाही, कारण तिचे बिल कोणी पाठवीत नव्हते. सिराक्यूज येथे १८९३ साली सेमे-सोल्वे पद्धतीच्या १२ भट्ट्या सुरू झाल्या. अरुंद, बंद अशा या भट्ट्यांतून ही द्रव्ये गोळा होत आणि यांत्रिक दट्ट्या सगळा कोक एका टोकाकडून ढकलून दुसऱ्या टोकाने बाहेर काढी. आकड्याची गरजच संपली. अशा भट्टीला भांडवल फार लागे, पण वायू आणि डांबराचे मोल ते फेडू लागले. १९१९ पर्यंत अमेरिकेत या कोकने घुमटाच्या कोकला मागे टाकले.

मात्र ज्यांच्या पाठी या कामात वाकल्या, त्यांच्या वाट्याला ही सुटका क्वचितच आली. नव्या भट्ट्या खाणीजवळच्या वस्त्यांत न उभारता पोलाद कारखान्यांच्या शेजारी उभारल्या गेल्या. कॉनेल्सव्हिलचा कोळसा होड्यांत भरून नदीमार्गे तेथे जाऊ लागला. क्लेअरटनची प्रचंड भट्टीमाला १९१८ मध्ये पेटली. गावोगावचे घुमट एकेक करून विझले. आज त्या टेकड्यांवर काही ठिकाणी त्यांच्या काळवंडलेल्या विटांतून झाडे उगवलेली दिसतात.