चष्मा पिशवीत का ठेवायचा?



सासूबाई अकरा दिवस आयसीयूत होत्या, त्यातले सहा व्हेंटिलेटरवर. दाखल करताना सिस्टरनी त्यांच्या बांगड्या, चष्मा आणि कानाचं मशीन पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. बांगड्यांचं समजू शकते. बाकीच्या दोन वस्तूही मी मुकाट्यानं घरी आणून कपाटात ठेवल्या, याचा राग मला आजही स्वतःचाच येतो.

नळी काढल्यावर त्या मला ओळखेनात. भिंतीवर मुंग्या दिसत होत्या, "मारू नका गं त्यांना" म्हणून हात जोडत होत्या. बाहेर बाकावर बसलेल्या आपल्याच बायकांत कुजबूज सुरू झाली. वय झालं, डोकं फिरलं, असातेचा उदय!

बायांनो, याला डिलिरियम म्हणतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात ८२१ गंभीर रुग्णांपैकी ७४ टक्क्यांना तो झाला. वर्षानंतर तपासलेल्यांत साधारण चौघांतल्या एकाची बुद्धी सौम्य अल्झायमरच्या रुग्णाइतकी मंदावलेली होती. आमच्या घरी भक्तामर आता मधेच अडतं. चाळीस वर्षं तोंडपाठ होतं.

चष्मा दिला असता तर हे टळलंच असतं, असं मी म्हणत नाही. पण अमेरिकेतल्या अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत चष्मा आणि कानाचं मशीन वापरू देणं आहे, रात्री झोप मिळू देणं आहे, रुग्णाला हलतं ठेवणं आहे. यातलं महाग काय आहे? आणि कर्माचा उदय आहे म्हणून चष्मा कपाटात ठेवायचा, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

"झोपवूनच ठेवा हो, त्रास नको," हे तर आपणच डॉक्टरांना सांगतो. मीही सांगितलं. २००९च्या एका अभ्यासात व्हेंटिलेटरवरच्या १०४ रुग्णांची गुंगी रोज थांबवून पाहिली. त्यातल्या निम्म्यांना त्याच वेळी बसवायला, हातपाय हलवायला सुरुवात केली. त्यांतले ५९ टक्के घरी जाताना स्वतःचं स्वतः करू शकत होते. ज्यांना उशिरा हलवलं त्यांच्यात ३५. अतिरेकही नको. २०२२च्या मोठ्या चाचणीत जास्त जोर लावून फायदा दिसला नाही, उलट अपाय वाढले. म्हणून हे डॉक्टरांना विचारूनच करायचं. पण विचारायचं तरी!

आणि ती दहा मिनिटांची भेट. कारण काय, तर जंतुसंसर्ग. ब्राझीलमध्ये ३६ आयसीयूंत नातेवाइकांना दिवसाला बारा तासांपर्यंत बसू दिलं. संसर्ग वाढला नाही. डिलिरियमही कमी झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते, पण घरच्यांची चिंता आणि उदासी कमी झाली. मग दार बंद का?

कुणाचं माणूस आत असेल तर उद्याच्या भेटीत चष्मा घेऊन जा. मशीनची बॅटरी तपासा. विचारा, आज गुंगी कमी करून पाहिली का? उठवून बसवलं का? डॉक्टर वैतागतील. वैतागू देत.