१०५ दिवसांचा हिशेब

डिसेंबरचा मध्य उलटला की यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, दिग्रस, पांढरकवडा या गावांतील अनेक व्यापारी घरांत वर्षभर बंद असलेली वरच्या मजल्यावरची खोली उघडली जाते. गाद्यांना ऊन दाखवले जाते, खाकरे-पापडांचे डबे भरले जातात आणि नागपूरच्या विमानतळावर कोणी जायचे याची चर्चा सुरू होते. परदेशी स्थायिक झालेला मुलगा व सून, किंवा मुलगी व जावई, नातवंडांसह तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येणार असतात. अमेरिका, इंग्लंड, सिंगापूर वा दुबई येथून निघालेल्या या प्रवासाचा शेवटचा टप्पा म्हणजे नागपूर ते यवतमाळ हा सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता. घरातील वृद्धांना मात्र तोच टप्पा सर्वांत लांब वाटतो.

ही ताटातूट आपल्या समाजाला नवी नाही. मारवाडातून लोटा-दोरी घेऊन निघालेले पूर्वज ज्या दूरच्या मुलखात व्यापाराला जात, त्याला ते ‘दिसावर’ म्हणत. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. १८६७ मध्ये मुंबईकडून आलेली रेल्वे नागपूरला पोहोचली. कापसाच्या या व्यापारामागे अनेक घराणी या भागात आली व येथेच रुजली. पहिली पिढी सवडीने मुलखात जाऊन येई. जडुला, सोयरिकी, कुलदेवीचे दर्शन तेथेच होई. दुसरी पिढी लग्नकार्यापुरती गेली. पुढे बहुतेक घरांत मूळ गावाचे नाव तेवढे उरले. आज यवतमाळ हे मूळ गाव झाले आहे, आणि शिकागो, लंडन ही दिसावर. मारवाडाच्या बाबतीत जे तीन पिढ्यांत घडले, ते यवतमाळच्या बाबतीत घडू द्यावयाचे की नाही, हा प्रश्न या सुट्टीतील भेटींशी जोडलेला आहे.

अडचण प्रथम दिनदर्शिकेची आहे. परदेशातील शाळांना नाताळची सुट्टी डिसेंबरअखेर मिळते, आणि नेमक्या त्याच काळात आपल्या भागात कापसाचा हंगाम ऐन भरात असतो. मुलगा दोन वर्षांनी घरी येतो तेव्हा वडील सकाळीच बाजार समितीत किंवा जिनिंगवर गेलेले असतात आणि रात्री थकून परततात. परदेशातील मोठी सुट्टी जून ते ऑगस्टमध्ये येते. तेव्हा व्यापार थंड असतो, चातुर्मास लागलेला असतो, साधु-साध्वी गावात असतात. परंतु पर्युषण येईपर्यंत अमेरिकेतील बहुतेक शाळा पुन्हा सुरू झालेल्या असतात. दिवाळीच्या वहीपूजनाला तर परदेशी असलेला मुलगा क्वचितच हजर राहू शकतो. मग संवत्सरीचे ‘मिच्छामि दुक्कडम्’ फोनवर होते आणि दिवाळीचा नमस्कार मोबाइलच्या पडद्याला.

व्यापाऱ्याला समजेल असा एक साधा हिशेब येथे मांडता येईल. आईवडील सत्तरीचे आहेत, मुलगा-सून दर दोन वर्षांनी तीन आठवड्यांसाठी येतात, आणि आईवडिलांचे चालते-फिरते आयुष्य आणखी दहा वर्षांचे आहे, असे धरू. म्हणजे भेटी पाच आणि आठवडे पंधरा. आईवडील आणि मूल यांना एकत्र राहण्यासाठी एकूण १०५ दिवस शिल्लक आहेत. दहा वर्षे ऐकताना पुष्कळ वाटतात; १०५ दिवस म्हटले की मन थबकते.

या १०५ दिवसांतील एका भेटीचे २१ दिवस कसे खर्च होतात, तेही पाहावे. पहिले तीन दिवस प्रवासाचा शीण आणि अवेळी येणारी झोप यांत जातात. दोन लग्नांत चार दिवस, नागपूरच्या खरेदीत दोन, माहेर किंवा सासर यांत चार, नातलगांकडील जेवणांत तीन, आणि मुलांना देश दाखवावा म्हणून जयपूर किंवा गोव्याच्या सहलीत चार. एकूण वीस झाले. उरलेला एक दिवस सामान बांधण्याचा. यांतील कोणताही खर्च वावगा म्हणता येत नाही. लग्नाला न जावे तर नातलग दुखावतात, बोलावणे नाकारावे तर गैरसमज होतो. तथापि ज्यांच्यासाठी हा सारा प्रवास केला, त्या आईवडिलांच्या खात्यावर काय जमा झाले, हे पाहू गेल्यास बहुधा नाश्त्याच्या वेळेचे काही तुकडे हाती लागतात.

येथे श्रावकाच्या बारा व्रतांची आठवण होते. दिग्व्रतात मनुष्य दाही दिशांना किती दूर जावयाचे याची आयुष्यभराची मर्यादा घालून घेतो. देशावकाशिक व्रतात तीच मर्यादा ठरावीक काळापुरती आणखी आखूड केली जाते: अमुक दिवस या गावाबाहेर जाणार नाही, आज या घराबाहेर जाणार नाही. व्रताचा हेतू अर्थातच आत्मशुद्धीचा आहे. परंतु सुट्टीवर आलेल्या दांपत्याने एकवीस दिवसांपैकी पाच दिवस अशी मर्यादा स्वखुशीने पाळली, तर त्याचे फळ घरालाही मिळेल. त्या पाच दिवसांत गावोगावी भेटी नाहीत, खरेदी नाही. नातवाने आजोबांबरोबर दुकानाच्या गादीवर बसावे, नातीने आजीबरोबर देरासरात किंवा स्थानकात जावे, सुनेने सासूबाईंकडून लोणच्याचे प्रमाण लिहून घ्यावे. नातलगांनीही त्या दिवसांत जेवणाचा आग्रह न धरता स्वतःच येऊन भेटून जावे.

फिरावयाचेच असेल तर दूर जाण्याची गरज नाही. वणीहून जवळच चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीचे केसरिया पार्श्वनाथ आहेत. वाशीम जिल्ह्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आणि परतवाड्याच्या पुढे सातपुड्याच्या कुशीत मुक्तागिरी आहे. दारव्ह्याकडून गेल्यास कारंजा लागते. तेथील मंदिरांच्या शास्त्रभांडारांत शतकानुशतके जपलेल्या हस्तलिखितांमुळे अपभ्रंश भाषेतील अनेक ग्रंथ विद्वानांना उपलब्ध झाले. डॉ. हिरालाल जैन आणि डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केलेले असे ग्रंथ १९३० नंतरच्या काळात कारंजाच्याच नावाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. परदेशात वाढणाऱ्या मुलाला आपला वारसा दाखवावयाचा असेल तर तो यवतमाळहून एका दिवसात जाऊन येण्यासारख्या अंतरावर आहे. आजी-आजोबाही त्या मोटारीत बसू शकतात, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

परदेशी राहणाऱ्या दांपत्याची बाजूही समजून घ्यावयास हवी. लंडनमध्ये डिसेंबरात सूर्य दुपारी चारच्या आधीच मावळतो. नोकरी सांभाळून चौविहार करणाऱ्याला जेवण तेव्हा आटोपावे लागते. मुलांच्या डब्यात कंदमूळ नको, म्हणून आईला रोज विचार करावा लागतो. तरीही त्यांनी तेथे धर्म जागता ठेवला आहे. वीरचंद राघवजी गांधी १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेले, तेव्हा समुद्रप्रवास केल्याबद्दल समाजातील काहींनी त्यांना विरोध केला होता. त्याच शिकागोजवळ बार्टलेट येथे आज मोठे जैन मंदिर आहे. इंग्लंडमध्ये लेस्टरच्या जैन केंद्रात १९८८ मध्ये प्रतिष्ठा झाली. उत्तर अमेरिकेतील जैन संघांचा ‘जैना’ हा महासंघ १९८१ पासून कार्यरत आहे आणि तेथील पाठशाळांत मुले दर आठवड्याला नवकार व सामायिक शिकतात. ‘मुले तिकडची झाली’ हे वाक्य घरात सहज बोलले जाते. ते ऐकून सुनेच्या मनाला काय वाटत असेल, याचा विचार बोलण्यापूर्वी व्हावा.

भेटीचा प्रवास उलट दिशेनेही होऊ शकतो. प्रकृती ठीक असेपर्यंत आईवडिलांनी मुलांकडे जाऊन यावे. विदर्भाचा उन्हाळा टळतो, तेथील थंडीही नसते आणि व्यापाराचा हंगाम संपलेला असतो. म्हणून एप्रिलअखेर जाऊन आषाढी चौमासीपूर्वी परतणे अनेक कुटुंबांना सोयीचे पडते. जाण्यापूर्वी वैद्यकीय विमा उतरवावा आणि आधीपासून असलेल्या आजारांविषयी त्यात काय लिहिले आहे ते नीट वाचावे, कारण अमेरिकेत रुग्णालयाचा खर्च पेलण्यापलीकडचा असतो. नेहमीची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातील पिशवीत असावी. मुलाचे घर, त्याचे काम, सुनेची धावपळ एकदा डोळ्यांनी पाहिली की पुष्कळ गैरसमज न बोलता मिटतात.

एकत्र असण्याच्या दिवसांत एक सकाळ कागदपत्रांसाठी राखून ठेवणे अगत्याचे आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाचे जुने बचत खाते अनिवासी म्हणजे एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. अनेक घरांत ते तसेच राहून गेलेले असते. दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर खाते निष्क्रिय होते आणि दहा वर्षांनंतर त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीकडे वर्ग होते. ती परत मिळते, पण खटपट करावी लागते. सर्व ठेवींवरील नामांकन तपासावे. अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारसाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. परदेशातून करून पाठवलेल्या मुखत्यारपत्रावर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावे लागते. मुलगा येथे असताना ते स्थानिक नोंदणी कार्यालयात करून घेणे सोपे. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. ती परदेशी असली तरी तो कमी होत नाही. म्हणून मृत्युपत्र करावयाचे असेल तर सर्व मुलांना समोर बसवून, मोकळेपणाने बोलून करावे. आईवडिलांच्या तोंडून जे ऐकले असते, त्यावरून भावंडांत सहसा तंटा होत नाही. जे न सांगता राहते, तेच पुढे न्यायालयात जाते.

निष्क्रिय झालेले बँकेचे खाते अर्ज करून पुन्हा सुरू करता येते. नात्याच्या खात्याला तशी सोय नाही. त्यात वेळोवेळी थोडी थोडी भर पडत राहावी लागते: आठवड्याचा एक ठरलेला फोन, नातवाच्या कानावर पडणारी मारवाडी किंवा मराठी, आणि दोन वर्षांनी येणारे ते २१ दिवस. ज्या घरी या वर्षी मुले येणार आहेत, त्या घराने पाहुण्यांची यादी करण्यापूर्वी आईवडिलांसाठी पाच दिवस बाजूला काढावेत आणि मग उरलेल्या दिवसांची वाटणी करावी. पूर्वज नफ्यातून धर्मादाय आधी वेगळा काढीत आणि मग घरखर्चाला हात लावीत, तीच रीत येथेही चालावी.