दानांचा हिशेब

प्रभू येशूने सांगितलेला तालांतांचा दृष्टांत आमच्या वाचकांस नवा नाही. परदेशी निघालेल्या धन्याने एका दासास पाच, दुसऱ्यास दोन व तिसऱ्यास एक तालांत सोपविला. पहिल्या दोघांनी व्यापार करून द्रव्य दुप्पट केले. तिसऱ्याने आपला वाटा जमिनीत पुरून ठेवला. तालांत हे त्या काळचे फार मोठे द्रव्यमान होय. एक तालांत म्हणजे मजुराची कित्येक वर्षांची मिळकत. तेव्हा तिसऱ्याच्या पदरी काहीच पडले नव्हते, असे कोणी समजू नये.

या कथेतील दोन गोष्टींकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते, असे आम्हांस वाटते. पाच तालांतवाल्यास व दोन तालांतवाल्यास धन्याने अगदी एकसारखीच शाबासकी दिली, ही पहिली. आणि धनी पुष्कळ काळानंतर परतला, ही दुसरी. शाळेत आमचा हिशेब दर सहामाहीस होतो. म्हणून ज्याचा नंबर वर लागला तोच गुणवान व ज्याचा खाली गेला तो गुणहीन, असा आमचा ग्रह होऊन बसतो. देवाचा हिशेब इतक्या लवकर मांडला जात नाही.

आपल्याच प्रांतातील दोन ख्रिस्ती भगिनींची चरित्रे पाहा. पंडिता रमाबाईंस बालपणीच आईकडून संस्कृत विद्येचे भांडार लाभले. त्या विद्येने विद्वानांच्या सभा जिंकून त्या थांबल्या असत्या, तरी जगाने त्यांस नावाजलेच असते. परंतु केडगावच्या मुक्तिसदनात अनाथ व दुष्काळग्रस्त मुलींचा सांभाळ करीत असताना त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि साध्या बायाबापड्यांस कळावे म्हणून पवित्र शास्त्राचे मराठीत भाषांतर केले. 1922 साली त्यांचे देहावसान झाले. आयुष्याच्या अखेरपर्यंत हे काम त्यांनी सोडले नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट याहून निराळी. त्यांस शाळा अशी लाभलीच नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीकडून. त्यांच्या बालपणी कोणी परीक्षक आला असता, तर त्याने त्यांच्या नावापुढे शून्यच मांडले असते. परंतु 1919 साली रेव्हरंड नारायण वामन टिळक निवर्तले, तेव्हा त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले. आणि 1934 साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग प्रसिद्ध झाला. मराठी वाचक तो ग्रंथ आजही आवडीने वाचतात.

यावर कोणी म्हणेल, अशी माणसे विरळा. आमच्यापाशी ना विद्या, ना सवड. परंतु तिसऱ्या दासाचे उत्तर असेच नव्हते काय? त्याने चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही. तो केवळ भ्याला. धनी कठोर आहे, असे मानून त्याने हातपाय आखडले. ‘माझ्यात काही गुण नाही’ हे बोलणे नम्रतेचे दिसते खरे, पण पुष्कळदा त्यात देणाऱ्याविषयीचा अविश्वासच दडलेला असतो. ज्याने दान दिले तो दयाळू पिता आहे, अशी श्रद्धा ज्याच्या ठायी आहे, तो चुकण्याच्या भयाने स्वस्थ बसणार नाही.

यंदा शाळा सोडून जाणाऱ्या आमच्या बंधुभगिनींस आमची एवढीच विनंती आहे की, आपला तालांत केवढा हे मोजीत बसू नका. गोड गळा असेल तर उपासनेत मोकळेपणाने गा. अक्षर वळणदार असेल तर निरक्षर शेजाऱ्याचा अर्ज लिहून द्या. गणित येत असेल तर धाकट्यांस शिकवा. आणि यांतले काहीच नसेल, तर आजाऱ्याच्या उशाशी धीराने बसणे हेही देवाचेच दान आहे. प्रवास लांबचा आहे व धनी परत येणार आहे. तो येईल तेव्हा आपले हात कामाने मळलेले असावेत, जमीन उकरून नव्हे.