कागदावरची ‘कंबरदुखी’

‘कंबर काय, दुखतेच गं बाईमाणसाची!’ हे वाक्य आपण किती वेळा बोलतो, नाही? आमच्या बचत गटातल्या एका ताईंना मात्र हेच वाक्य भलतंच महागात पडणार होतं.

गेल्या पावसाळ्यात पाण्याची कळशी घेऊन येताना ताई अंगणात घसरल्या. त्याच संध्याकाळी गल्लीतल्या डॉक्टरांकडून इंजेक्शन घेतलं, केसपेपर झाला. पण कळ काही थांबेना. कमरेतून निघून डाव्या पोटरीपर्यंत जायची. पाय जड झाला, चालताना चप्पल निसटली तरी कळत नसे. महिनाभर शेक आणि तेल झालं. शेवटी जिल्ह्याच्या गावी एमआरआय काढला. मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली होती. ऑपरेशन झालं, पाय वाचला. आरोग्य विम्याची पॉलिसी दीड वर्षापूर्वीच घेतलेली, म्हणून घरचे निश्चिंत होते. आणि पत्र आलं, क्लेम नामंजूर! कारण काय, तर आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा आहे आणि मणक्याच्या आजारांसाठीची दोन वर्षांची मुदत संपलेली नाही.

मी फाईल उघडून बसले. दाखल होताना डॉक्टरांनी विचारलं होतं, ‘त्रास किती दिवसांपासून?’ ताई सवयीने म्हणाल्या, ‘कंबर काय, दोन वर्षं दुखतेच.’ कागदावर तेवढंच उतरलं: दोन वर्षांपासून कंबरदुखी. ना पडल्याची तारीख, ना पायातली कळ, ना ती निसटणारी चप्पल.

माझी भाची पुण्यात मेडिकल कोडिंगचं काम करते, अमेरिकेतल्या इस्पितळांच्या फाईलींचं. तिला फोन लावला. ती म्हणाली, ‘मावशी, जगभर प्रत्येक आजाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतला एक कोड असतो. नुसती कंबरदुखी म्हणजे एम ५४.५. गादी सरकून नस दाबली असेल तर एम ५१.१. मणक्यातली नसांची वाटच अरुंद झाली असेल तर एम ४८.०. आणि आमचा नियम एकच. डॉक्टरांनी लिहिलंय त्याचाच कोड द्यायचा, मनाने काही धरायचं नाही.’ अमेरिकेत तर १ ऑक्टोबर २०१७ पासून कमरेतली ही वाट अरुंद झालेल्या रुग्णांचे आणखी दोन भाग केलेत. थोडं चाललं की पाय भरून येतात आणि बसावं लागतं, असं कागदावर असेल तर वेगळा कोड, नसेल तर वेगळा. म्हणजे बघा, ‘बाजारातून येताना मला दोनदा ओट्यावर टेकावं लागतं’ हे आपलं साधं वाक्य केवढ्या मोलाचं!

आपल्याकडच्या बऱ्याच पॉलिसींत मणक्याच्या आजारांना सुरुवातीची दोन वर्षं पैसे मिळत नाहीत. २०२० साली आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीतही ही अट आहे. पण त्याच ओळीत पुढे सवलत आहे: अपघाताने झालं असेल तर ही अट लागू नाही. शिवाय ‘आधीपासूनचा आजार’ म्हणजे पॉलिसीच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यावर सल्ला वा उपचार घेतलेला. घरी बाम चोळत काढलेली दोन वर्षं त्यात येत नाहीत!

गल्लीतल्या डॉक्टरांचा तो पहिला केसपेपर ताईंच्या ट्रंकेत साड्यांखाली सापडला. त्यावर तारीख होती आणि ‘घसरून पडल्या’ असं स्वच्छ लिहिलेलं. तो पाहून ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी सही-तारखेसह खुलासा दिला. जुन्या कागदावर खाडाखोड नाही, खोटं तर अजिबात नाही. कंपनीकडे लेखी तक्रार केली, आणि पाच महिन्यांनी पैसे मिळाले.

पण ज्यांच्या ट्रंकेत तो कागद नसेल, त्यांनी काय करायचं? बाहेर रांग लागलेली, डॉक्टर दोन ओळींत आटपतात. २०२५ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने म्हटलं की, डॉक्टरांनी वाचता येईल असं लिहिणं हा रुग्णाच्या आरोग्याच्या हक्काचाच भाग आहे. माझं म्हणणं, अक्षर सुवाच्य हवंच, पण हकिकतही पुरी हवी. विमा नियामकांनी २०२४ मध्ये सांगितलंय की समितीने पाहिल्याशिवाय क्लेम नाकारायचा नाही, आणि नाकारलाच तर पॉलिसीतलं नेमकं कलम कळवायचं. ते पत्र मागून घ्या. कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही, तर विमा लोकपालांकडे वर्षभराच्या आत तक्रार करता येते, तीही फुकट. इस्पितळातल्या नोंदींची प्रत मागितली तर ७२ तासांत द्यावी, असा २००२ पासूनचा नियम आहे. महात्मा फुले योजनेतही ऑपरेशनच्या आधी कागद पाठवूनच मंजुरी मिळते, म्हणून तिथेही हीच काळजी घ्या.

आता थोडं आपल्याबद्दल. तपासणीच्या खोलीत डॉक्टर विचारतात बाईला, उत्तर देतो नवरा नाहीतर मुलगा. लघवीचं, मांड्यांमधल्या बधिरपणाचं बोलायला तर आपण लाजतोच. खरं तर लघवी अडली किंवा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटलं, तर त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात जायचं. तिथे उशीर म्हणजे कायमचं अपंगत्व येऊ शकतं. तेव्हा डॉक्टरांशी बोला ते तुम्ही स्वतः बोला. कधीपासून दुखतं, कशामुळे, कळ कुठपर्यंत जाते, किती पावलांवर बसावं लागतं, आधी कोणते उपचार झाले, हे घरूनच चिठ्ठीवर लिहून न्या. घरी सोडतानाचा कागद हातात पडला की कुणाकडून तरी वाचून घ्या, राहिलं असेल ते तिथेच भरून मागा.

किराण्याची यादी आपण चुकत नाही. मग स्वतःच्या दुखण्याची यादी करायला कसला संकोच?