पाटा घरी बदलायचा?

धानाचा हंगाम लागला की आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरीच्या रस्त्यांवर पोत्यांनी लादलेल्या ४०७ आणि ट्रक सुरू होतात. ज्यांच्या घरी अशी एखादी गाडी आहे, त्या मैत्रिणींना 'पाटा तुटला' म्हणजे काय, हे सांगायला नको. गाडी एका बाजूला कलते, महिन्याचा हिशोबही कलतो. मग घरधनी म्हणतात, "गॅरेजले कायले पैसे द्याचे? मीच बदलवतो."

बचत कुणाला नको? शॅकल पिनला ग्रीस मारणे, पाट्याला चीर गेली का, यू-बोल्ट ढिले झाले का ते बघणे, ही कामे घरीच व्हावीत. ग्रीसगन एकदा घेतली की वर्षानुवर्षे चालते, पिन आणि बुशही लवकर झिजत नाहीत. एवढ्यासाठी मिस्त्रीला पैसे मोजणे मला तरी उधळपट्टी वाटते.

पाटे उतरवणे मात्र वेगळे. गाडी जॅकवर चढवायची, खाली विटा नाहीतर दगड लावायचे आणि बाईने बाजूला पाने-हातोडी देत उभे राहायचे, हे चित्र आपल्याकडे नवे नाही. अहो, जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तासन्‌तास पेलून धरण्यासाठी नव्हे! वीट तर भाराने फुटतेच. शिवाय पाटे एकमेकांवर दाबून बसवलेले असतात. नीट आवळून न धरता सेंटर बोल्ट सोडला की ते उसळतात. त्यात बोटे जातात, बायांनो. मजुरी वाचवून कमावता हात घालवायचा, ही कसली काटकसर?

गॅरेजवालेही सगळेच धुतल्या तांदळाचे नसतात. "तुटलेला पाटा वेल्डिंग मारून देतो, स्वस्तात होईल," असे कुणी म्हटले तर सरळ नाही म्हणा. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि पाटा जोडाजवळच पुन्हा मोडतो. नवा पाटा बसवल्यावर एक-दोन खेपा झाल्या की यू-बोल्ट परत आवळून घ्यायला लावा.

आणि मुळात पाटा तुटतो कशाने? खड्डे आहेतच, पण एक खेप वाचवायला लादलेली जादा पोतीही आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. हा आकडा घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, गाडी निघताना दिसेल असा.

जुना पाटा मात्र गॅरेजवर सोडून येऊ देऊ नका. लोहार त्याच पोलादाचे विळे आणि कुऱ्हाडी घडवून देतात. भंगाराच्या भावात कशाला घालवायचा?