खाज सुटते? ट्यूब नको, डॉक्टर गाठा

पोलीस भरतीची तयारी करताय ना? मग हे वाचाच. चिंचपाड्याच्या रस्त्यावर पहाटे पळताना घाम आला की अनेकांच्या अंगाला खाज सुटते. १६०० मीटरला सेकंद मोजले जातात, तिथं खाजवत थांबणं परवडत नाही. सांगायची लाज वाटते, म्हणून मित्रानं सुचवलेली ट्यूब मेडिकलमधून आणली जाते. इथंच घोळ होतो.

सगळी खाज सारखी नसते. घाम अडकून बारीक पुरळ आलं, तर त्या घामोळ्या. सैल सुती कपडे आणि गार पाण्याची अंघोळ पुरते. अंग तापताच टाचणीच्या डोक्याएवढ्या गांधी उठून तासाभरात विरल्या, तर ते बहुधा पित्त. डॉक्टर त्याला कोलिनर्जिक अर्टिकेरिया म्हणतात, त्यावर गोळ्या आहेत. पण सोबत चक्कर आली, ओठ सुजले किंवा दम कोंडला, तर तिथंच थांबा आणि दवाखाना गाठा.

जांघेत कडा उठलेला गोल चट्टा म्हणजे गजकर्ण. स्टिरॉइडच्या ट्यूबनं खाज दबते, बुरशी मात्र पसरत राहते. २०१८ मध्ये अशा ट्यूबांना चिठ्ठीची सक्ती झाली, ती उगाच नाही. चिठ्ठी न मागणाऱ्या दुकानदारांना जाब विचारायलाच हवा. पण मागणारे आपणच असतो ना?

घामाचे कपडे रोज धुवा, टॉवेल कुणाला देऊ नका. आणि खाज लपवू नका. पळून घाम गाळणाऱ्यानं लाजायचं कशाला?