खेळ किती वेळ नव्हे, कोणता?

आपल्याकडे एखाद्या गोष्टीचा निषेध करावयाचा, तर ती आधी पाहिलेली असलीच पाहिजे असे बंधन नाही. किंबहुना न पाहता केलेला निषेध अधिक ठाम असतो, कारण त्यात तपशिलाची अडचण येत नाही. एके काळी कादंबरी हे तरुण मनांस बिघडविणारे वाङ्मय समजले जाई. नाटकाच्या नादी लागलेला मुलगा हातचा गेला, असे वडीलधारी मंडळी धरून चालत. पुढे बोलपटांवर तीच पाळी आली, त्यानंतर दूरचित्रवाणीवर. आज ती व्हिडिओ गेमवर आलेली आहे. ‘पोरगा दिवसभर गेम खेळतो’ या एका वाक्यात अनेक घरांतील सारी चिंता सामावलेली असते. पोरगा कोणता गेम खेळतो, हे मात्र ते वाक्य उच्चारणाऱ्या बहुतेकांना सांगता येणार नाही.

प्रस्तुत लेखकही कालपरवापर्यंत याच पंथातला होता. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली आणि त्यांत ‘पबजी मोबाइल’चे नाव आले, तेव्हा आमच्या घरात सर्वांत मोठ्याने ‘बरे झाले’ म्हणणारा मीच होतो. तो खेळ मी पाहिलेला नव्हता. गेल्या पावसाळ्यात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे तीन महिने घरात बसण्याची पाळी आली, तेव्हा नातीने आपला संगणक माझ्या पुढ्यात आणून ठेवला. ‘आजोबा, शिव्या द्यायच्या तर खुशाल द्या, पण आधी खेळून बघा,’ एवढेच ती म्हणाली. अट रास्त होती. त्या तीन महिन्यांत मी चार खेळ खेळलो. त्यांच्याविषयीचे मत येथे मांडीत आहे. कारण या निमित्ताने एका जुन्या समजुतीचा फेरविचार करणे मला भाग पडले.

पहिला खेळ ‘पेपर्स, प्लीज’. लुकस पोप या अमेरिकन गृहस्थाने तो जवळजवळ एकट्याने रचला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. काळ १९८२ चा. स्थळ आर्स्टोट्स्का नावाचे एक काल्पनिक, हुकूमशाही राष्ट्र. खेळणाऱ्याने सीमेवरील नाक्यावर तपासनीस म्हणून बसावयाचे असते. एकेक माणूस खिडकीशी येतो, कागद पुढे सरकवतो. आपण छायाचित्र, जन्मतारीख, मुदत, मोहोर ताडून पाहावयाची आणि प्रवेशाचा किंवा नकाराचा शिक्का उमटवावयाचा. दररोज सकाळी वरून नवे नियम येतात. मेहनताना माणशी मिळतो. म्हणजे रांग जितकी वेगाने सरकेल तितकी मिळकत अधिक. दिवसातील पहिल्या दोन चुकांना नुसती समज, पुढच्या प्रत्येक चुकीला कपात. संध्याकाळी हिशेबाचा तक्ता समोर येतो: घरभाडे, अन्न, थंडीत घर उबदार ठेवण्याचा खर्च, कोणी आजारी असेल तर औषध. तोंडमिळवणी बहुधा होत नाही.

पाचव्या दिवशी एक माणूस येतो. त्याचे कागद चोख असतात. जाता जाता तो सांगतो की, माझ्यामागे माझी पत्नी आहे, तिच्याशी दयेने वागा. पत्नी येते, तिच्यापाशी प्रवेशाचा परवाना नसतो. परत पाठविले तर मला मारून टाकतील, असे ती म्हणते. त्या दिवसाच्या दोन्ही समजा माझ्या नावावर आधीच पडल्या होत्या. तिला सोडले असते तर पगार कापला गेला असता. मी नकाराचा शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक दिली.

हे कोणी मला वाचून दाखविले असते, तर मी तपासनिसाला निर्दय म्हटले असते. येथे एक खासगी गोष्ट सांगितली पाहिजे. माझी एकतीस वर्षे एका सरकारी कचेरीतील खिडकीमागे गेली. दाखले, उतारे, नावातील दुरुस्त्या हे माझे काम होते. एका वृद्ध बाईच्या मृत पतीचे नाव दोन कागदांवर एका अक्षराच्या फरकाने लिहिले गेले होते. तिला मी तीनदा परत पाठविले. प्रत्येक वेळी नियम माझ्या बाजूला होता. चौथ्यांदा ती आली नाही. ही घटना मी विसरलो होतो असे म्हणणे खोटे ठरेल. परंतु तिचा विचार करण्याचे कारण मला कधी पडले नव्हते. नोकरशाहीवरील कथा-कादंबऱ्या मी आयुष्यभर वाचल्या आणि वाचताना नेहमी रांगेतील माणसाच्या बाजूचा राहिलो. या खेळाने मला रांगेत उभे राहू दिले नाही. त्याने मला माझ्याच खुर्चीवर पुन्हा बसविले आणि हातात शिक्का दिला.

या कलाप्रकाराचे सामर्थ्य येथेच आहे. नाटककार संवादांतून बोलतो, कादंबरीकार निवेदनातून. खेळ रचणारा नियमांतून बोलतो. माणशी मेहनताना हा एक नियम. त्यावर कोठेही भाष्य नाही. पण तो नियम आठ-दहा दिवस पाळून पाहिला म्हणजे सज्जन माणूस घाईत दुष्ट कसा होतो, हे आपल्याच हातून सिद्ध होते. ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. परंपरा ज्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते, त्या मोक्षपटात शिडीच्या पायथ्याशी सद्गुण आणि सापाच्या तोंडी दुर्गुण होते. प्रवचन न करता नुसत्या पटाने नीती सांगण्याचा तो प्रयत्न होता. पुढे सापशिडी उरली आणि गुणदुर्गुणांची नावे पुसली गेली.

दुसरा खेळ ‘धिस वॉर ऑफ माइन’. पोलंडमधील वॉर्सा येथील ‘इलेव्हन बिट स्टुडिओज’ या संस्थेने तो २०१४ मध्ये काढला. १९९२ ते १९९६ या काळात सारायेव्हो शहराला पडलेल्या वेढ्याची स्मृती त्यामागे आहे. युद्धावरील बहुतेक खेळांत खेळणारा सैनिक असतो. येथे तो सामान्य नागरिक आहे. पडक्या घरात पाव्ले हा फुटबॉलपटू, ब्रुनो हा स्वयंपाकी आणि कातिया ही पत्रकार अशी तीन माणसे आसऱ्याला असतात. दिवसा बंदुकीच्या भीतीने बाहेर पडता येत नाही. रात्री एकाने जावयाचे आणि अन्न, औषध, लाकूडफाटा जमवून आणावयाचा. शहरात एके ठिकाणी एका वृद्ध जोडप्याचे घर आहे. तेथे अन्न आहे, औषधे आहेत आणि प्रतिकार करणारे कोणी नाही. म्हातारा नुसता विनवणी करतो. मी पाव्लेकरवी ते घर लुटले. दुसऱ्या दिवसापासून पाव्ले खिन्न झाला. त्याचे कामातील लक्ष उडाले. खेळ आपल्याला शिक्षा देत नाही, गुण कापीत नाही. तो फक्त आपल्या माणसांना झोप लागू देत नाही.

हा खेळ शाळांच्या शिफारस केलेल्या वाचनयादीत घालण्यात येईल, अशी घोषणा २०२० मध्ये पोलंडच्या पंतप्रधानांनी केली. खेळ अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी असल्यामुळे तो वरच्या वर्गांतील ऐच्छिक अभ्यासापुरता ठेवण्यात आला. १९४४ च्या उठावानंतर ज्या देशाची राजधानी बेचिराख झाली, त्याला वेढलेल्या शहराची कथा मुलांपुढे ठेवताना माध्यम पुस्तकाचे की पडद्याचे, याचा संकोच वाटला नाही. आपल्याकडे अशी सूचना पुढे आली असती तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

तिसरा खेळ घरचा म्हणता येईल असा आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० मध्ये आला. राजी नावाची कसरतपटू मुलगी असुरांनी पळविलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादांतून कथा उलगडते. वाडे, जलाशय, कमानी यांचे चित्रण पाहून डोळे निवतात. बाहुल्यांच्या खेळाच्या धर्तीवर सांगितलेली उपकथानके तर फारच सुंदर आहेत. परंतु घरचा म्हणून खेळाला झुकते माप देणे हा त्याच्या कर्त्यांचा अपमान होईल. लढाया लवकरच एकसुरी होतात. कथा रंगात येते न येते तोच संपते. आणि राजीला त्रिशूळ चालविण्यापलीकडे निवड करण्याचा प्रसंग येत नाही. महाभारतातील प्रत्येक पात्र ज्या धर्मसंकटातून जाते, ते संकट पुराणांवर बेतलेल्या या खेळात खेळणाऱ्यावर येऊ नये, ही मोठी उणीव होय. पुण्याच्या तरुणांनी एवढे उभे केले याचे कौतुक आहेच. म्हणूनच पुढच्या वेळी अपेक्षा अधिक राहील.

चौथ्या खेळाचे नाव मी घेत नाही, कारण त्याच्यासारखे शेकडो आहेत. तो भ्रमणध्वनीवरचा, रंगीत गोळ्या जुळविण्याचा. फुकट मिळतो. पहिले वीस डाव सोपे जातात, मग एकाएकी डाव अडतो. पुढे जावयाचे तर वाट पाहा किंवा पैसे मोजा. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटते. तीन महिन्यांत ज्या खेळावर माझे सर्वांत अधिक तास गेले, तो हाच. आणि ज्यातून सांगण्याजोगे काहीही हाती लागले नाही, तोही हाच. पहिल्या दोन खेळांचे नियम मला विचारात पाडण्यासाठी घडविले होते. याचे नियम मला उठू न देण्यासाठी.

‘किती वेळ’ हा एकच प्रश्न विचारणाऱ्या पालकाला या चौघांतील भेद कळणे शक्य नाही. कायद्याने मात्र भेद करण्यास आरंभ केला आहे. २०१८ मध्ये बेल्जियमने काही खेळांतील, पैसे देऊन उघडावयाच्या बंद पेट्यांना जुगार ठरविले. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने निषिद्ध ठरविले. ते चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली. आणि ई-स्पोर्ट्स व करमणुकीचे खेळ वेगळे काढले. परंतु कायद्याची चाळणी पैशांची आहे. ती जुगार वेगळा काढील. चांगला खेळ आणि निरर्थक खेळ यांतील फरक सांगण्याचे काम कायद्याचे नव्हे.

यावर आक्षेप येईल की व्यसनाचे काय? आक्षेप खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून अमलात आलेल्या आजारांच्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराचा समावेश आहे. पण त्याची लक्षणे पाहिली तर खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळाला अग्रक्रम मिळणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे, हे सामान्यतः बारा महिने टिकल्यावाचून तो विकार ठरत नाही. ज्या घरात ही लक्षणे दिसतील तेथे वैद्याकडेच गेले पाहिजे. मात्र रात्री दहा वाजता मुलाच्या हातातून यंत्र हिसकावून घेणे म्हणजे उपचार नव्हे, आणि त्याने काय पाहिले हे न विचारणे म्हणजे शिस्तही नव्हे.

येथे दोष केवळ पालकांचा नाही. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांनी नाटक उभे केले; त्या नाटकाला पुढे प्रतिष्ठा मिळाली ती नुसत्या टाळ्यांनी नव्हे. चांगले कोणते, सुमार कोणते हे निर्भीडपणे सांगणारी समीक्षा वृत्तपत्रांतून आणि मासिकांतून उभी राहिली. पुस्तकांना, चित्रपटांना, गाण्याच्या मैफलींनाही ती लाभली. व्हिडिओ गेमवर मराठीत जे छापून येते ते बहुधा आत्महत्येच्या, फसवणुकीच्या किंवा कोट्यवधींच्या उलाढालीच्या बातमीपुरते. एका पिढीच्या संध्याकाळी ज्यात जातात, त्याच्या गुणदोषांची चर्चा त्या पिढीच्या मातृभाषेत होऊ नये, हे त्या भाषेच्या हिताचे नाही. या विषयाचा विचार आमची मुले इंग्रजीत करू लागली आहेत, कारण मराठीत त्यांना फक्त दरडावणी ऐकू येते. ग्रंथालयांनी महिन्यातून एक संध्याकाळ एखाद्या खेळाच्या चर्चेला द्यावी. शाळांनी दहावी-बारावीच्या मुलांना आवडत्या पुस्तकाप्रमाणे आवडत्या खेळावरही टीकात्मक निबंध लिहावयास सांगावा. यास खर्च येत नाही.

परवा नातीने विचारले, ‘मग आजोबा, द्यायच्या का शिव्या?’ एका खेळाला मी दिल्या, आणि का ते सांगितले. एकाला उपदेश केला. उरलेल्या दोघांविषयी बोलताना त्या बाईची हकीकत तिला सांगितली, जी मी तिच्या आजीलाही कधी सांगितली नव्हती. नात बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, ‘त्यांचं काम शेवटी झालं का?’ उत्तर माझ्यापाशी नव्हते. नात आणि मी एवढे बोललो, ते एका खेळामुळे. ज्यांच्या घरात आज रात्री यंत्रावरून वाद होणार आहे, त्यांनी मुलाशेजारी अर्धा तास बसून ‘हे काय आहे, मला दाखव’ एवढे म्हणून पाहावे. नापसंती त्यानंतरही व्यक्त करता येते.